खलनायकाची साक्ष

नाटक मंडळी लडलो गावच्या सराईत उतरली, तेव्हापासून अँब्रोज टिलीचे जेवणाचे हाल सुरू झाले.

रोज दुपारी सराईच्या अंगणात होणाऱ्या नाटकात तो खलनायक होऊन सरदाराचे कान भरायचा, ‘तुमची बायको बदफैली आहे.’ भोळा सरदार तिचा गळा दाबायचा आणि खरं कळल्यावर स्वतःच्या पोटात खंजीर खुपसायचा. प्रेक्षक धाय मोकलून रडायचे. जेवणाला बसलं की सराईची मालकीण, विधवा मार्जरी कॉब, सरदाराला लुसलुशीत मटण वाढायची आणि अँब्रोजला नुसतं हाडूक.

खरा प्रकार अगदी उलटा. सरदाराचं काम करणारा जर्वेस पक्का लफंगा होता. लंडनला बायको असून त्याने मार्जरीला लग्नाचं वचन दिलं होतं. अँब्रोज मात्र रंगमंचावरून उतरला की साधी थापही मारता न येणारा माणूस.

त्याला राहवेना. तो स्वयंपाकघरात गेला. "बाई, जर्वेसला बायको आहे."

"मेल्या!" मार्जरीने झारा उगारला. "काल त्या बिचाऱ्या सरदाराचा संसार मोडलास, आज माझा मोडायला आलास?"

कपाळावर टेंगूळ घेऊन अँब्रोज बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी मात्र तो पुन्हा गेला आणि रंगमंचावर हसायचा तसं गोड हसला.

"माझं चुकलं हो. जर्वेस म्हणजे देवमाणूस! त्याला बायको नाहीच. आणि तिचं नाव अ‍ॅलिस तर मुळीच नाही."

मार्जरीच्या हातातला कांदा खाली पडला. हा नीच माणूस ज्याची एवढी स्तुती करतो, तो कसला असेल!

त्या दुपारी सरदाराने बायकोच्या प्रेताशेजारी गुडघे टेकले, खंजीर उपसला आणि आभाळाकडे पाहून लांबलचक हुंदका दिला.

"थांब मुडद्या, तुला जमणार नाही, मी मदत करते!" मार्जरी रंगमंचाच्या फळ्यांवर चढली. "अ‍ॅलिस कोण रे?"

"तुला कुणी सांगितलं?" सरदार ओरडला. मेलेली बायको झटकन उठून बाजूला सरकली. लडलोत शोकांतिका बघताना लोक एवढे कधी हसले नव्हते. जर्वेस एका बुटानिशी वेशीबाहेर पळाला.

संध्याकाळी अँब्रोज आशेने टेबलाशी बसला. मार्जरीने त्याच्यापुढे रिकामी थाळी आपटली.

"तुला काय वाढू? त्या हरामखोराला देवमाणूस म्हणत होतास ना?"

"अहो बाई, पण मी…"

"एक शब्द बोलू नकोस!"