पलीकडच्या सैन्याचा मग

मी एक मग बोलतोय. लोखंडी, वरून पांढरं एनॅमल, काठाला हिरवी रेघ, पोटावर बंगाली अक्षरं. जन्म ढाक्याजवळच्या कारखान्यातला. मुक्काम बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत, निवृत्त हवालदार अंगदच्या स्वयंपाकघरात.

माझा पहिला मालक बांगलादेशी सैन्यातला सार्जंट शफीकुल. आठ वर्षांपूर्वी मेघालयात दोन्ही सैन्यांचा संयुक्त सराव झाला, तेव्हा त्याची आणि अंगदची जोडी लावली होती. जोडी हुकमानं लागते, भरवसा हुकमानं येत नाही. चार दिवस दोघं एकमेकांच्या हालचालींवर नजर ठेवून होते. पाचव्या दिवशी दोरावरून ओढा ओलांडताना अंगदचा हात सुटला. शफीकुलनं त्याला पट्ट्याला धरून वर ओढलं. निरोपाच्या दिवशी दोघांनी आपापले मग बदलले आणि मी इकडं आलो.

पुढं ईद-दिवाळीला मोडक्या हिंदीत संदेश येत-जात राहिले. मग तिकडचं सरकार बदललं, बातम्या कडवट झाल्या. शेजारच्या विठ्ठलरावांनी एकदा मला उलटासुलटा करून पाहिलं.

"अंगदा, ह्ये कावून ठिवलंस घरात?"

अंगदनं मला डब्यांमागं सरकवलं.

त्याची लेक प्रियदर्शनी सीमा सुरक्षा दलात निवडली गेली, हे त्यानंच दिवाळीला शफीकुलला कळवलं होतं. ती पूर्वेच्या हद्दीवर रुजू झाली आणि महिन्याभरात तिकडून प्रश्न आला : मुलीला कुठं नेमलंय?

अंगदनं तो तीनदा वाचला. विचारणारा मित्रच आहे, की त्याच्यामागं आणखी कुणी? मी इतकी वर्षं शफीकुलच्या ओठांना लागलेला, पण मलाही सांगता आलं नसतं. पंधरा दिवस उत्तर गेलं नाही. मग दुसरा संदेश आला : माझा मुलगाही हद्दीवर आहे, म्हणून विचारलं.

अंगदचा संशय उलट वाढला. हे खरं कशावरून, असं त्यानं बायकोला, वनमालाला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"कुठं हाय ते सांगू नका," ती म्हणाली. "बरी हाय, एवढंच लिवा."

त्यानं लिहिलं. लगेच उत्तर आलं : माझाही बरा आहे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी एवढंच. बरी आहे. बरा आहे. मी पुन्हा फळीवर आलोय, अक्षरं भिंतीकडं करून. सरकारांनी संशय घ्यावा, ते त्यांचं काम. या दोन ओळींची वाट तेवढी कुणी अडवू नये.

गेल्या रविवारी तिकडून काहीच आलं नाही. अंगद ताटावर बसेना. चार वाजता फोन वाजला : नेट नव्हतं, बरा आहे.

"खरंच नव्हतं का?" अंगद पुटपुटला, आणि त्यानं वनमालाला वाढायला सांगितलं.