मुसळ खाली टेकू द्या

मी सिंधुबाईच्या अंडी उबवायच्या पेटीतली चिप बोलतेय. नखाएवढी आहे, पण औशातल्या अर्ध्या गल्लीच्या कोंबड्यांची आई मीच.

माझ्याकडं घड्याळातल्यासारखे ठोके देणारे दोन खडे आहेत. लाईट असली की जलद खडा, गेली की बॅटरीवरचा सावकाश. त्या ठोक्यांवरच पेटीचा सगळा हिशोब चालतो. एकाला सोडून दुसऱ्याला धरायचं, हे माझं काम. मिरची कांडताना बाया मुसळ बदलतात ना? पहिलीचं मुसळ खाली टेकतं, ती हात काढते, मग दुसरी धरते. हवेतलं हिसकलं तर कुणाचं तरी डोकं फुटतं.

माझ्याआधीची चिप हिसकायची. अर्धाच ठोका पुढं जायचा, हिशोब चुकायचा, अंड्यांना ऊब देणारा बल्ब जळतच राहायचा. एकदा सगळी अंडी उकडली. सिंधुबाईनं लातूरला महांतेशच्या दुरुस्तीच्या दुकानात पेटी नेऊन आदळली. "उकडलेली अंडी मला चुलीवर करता येतात," म्हणाली.

त्यानं मला बसवलं. "ही हिसकत न्हाई, मावशी. पण गप पडली तर बॅटरीची वायर काढून परत लावा. सावकाश खड्यावर नव्यानं सुरू होईल."

मग शेजारच्या पार्वतीबाई अंडी घेऊन आल्या. "माझ्या तांबडीची शेवटची हायेत गं. तिला मुंगसानं नेलं."

"रडू नगा आत्या, अंडी भिजतील," सिंधुबाई म्हणाली.

थंडीच्या एका सकाळी आत्या बघायला आल्या. पेटीवरचे आकडे जरा लुकलुकले. आत्यांनी टीव्हीला देतात तशी एक थाप दिली. जलद खडा तडकला, ठोका मधेच थांबला. मी रीतीची बाई. त्याचं मुसळ टेकल्याबिगर दुसऱ्याला हात लावणार नाही. वाट बघत राहिले. बल्ब विझलेला. अंडी गार पडायला लागली.

सिंधुबाईनं पेटीत हात घातला. "आत्या, काय केलं?"

"जरा थोपटलं."

"नातवाला थोपटता का असं?" तिनं अंडी आत्यांच्या पदरात घालून पोटाशी बांधली. "बसा आता कोंबडीवाणी. हलायचं न्हाई."

आणि वायर उपसली, परत लावली. मी जागी झाले. बल्ब लागला.

पिल्लं निघाली. एक तर अगदी तांबडीच्या रंगाचं. आत्या आता पेटीला लांबूनच जय भीम घालतात. तडकलेला खडा अजून तसाच आहे, मी सावकाशवर काम रेटतेय.

तुम्हीही कुणाच्या हातातलं काम घ्याल, तेव्हा त्याचं मुसळ खाली टेकू द्या. पण ते टेकतच नसेल, तर माझ्यासारखं रीत धरून बसू नका. अंडी पोटाशी घ्या आणि वायर उपसा.