उशीखालचं पुस्तक

दारात काळ्या कोटातला चाळिशीचा माणूस उभा राहिला, तेव्हा झ्लातेबाईंनी त्याचे बूट पाहूनच ओळखलं, हा अमेरिकेचा. जेरुसलेमच्या या गल्लीत इतके चकचकीत बूट काहीतरी न्यायला आलेलेच घालतात.

"मावशी, मी गेत्झल. न्यूयॉर्कहून आलोय. झाव्रोव गावच्या रेब्बेंच्या धर्मगादीवर आता त्यांचे नातू आहेत, त्यांनीच पाठवलंय. थोरल्या रेब्बेंचं स्तोत्रांचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना? त्या छपाईच्या जगात तीनच प्रती उरल्यात, आणि समासात रेब्बेंचं हस्ताक्षर असलेली ही एकच. काचेचं कपाटसुद्धा करून ठेवलंय."

"पुस्तक घरात नाही."

"विकलंत?"

"जीभ आवर! ब्राइंडलच्या उशीखाली आहे. कालपासून कळा देतेय पोर. ती मोकळी होईपर्यंत ते तिथून हलत नाही. चहा घे."

बाईंनी चहा ओतला. पुस्तकावर हक्क कोणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी झाव्रोवला त्या पहिल्या बाळंतपणात अडल्या, तेव्हा रेब्बेंच्या बायकोने ते शालीत गुंडाळून आणलं आणि उशीखाली सारलं. परत द्यायला गेल्या तर म्हणाली, "इथे कशाला आणलंस? पुढची जी अडेल तिला दे." मग ते या उशीखालून त्या उशीखाली फिरत राहिलं. बाईंनी गाव सोडलं, तेव्हा त्यांच्याच लेकीच्या बाळंतपणाला आलं होतं, म्हणून बोचक्यात आलं. गाव आता राहिलं नाही. आठवण झाली की बाई पानं उलटत. तपकिरीचे कण रेब्बेंचे, मेणाचा ठिपका सुताराच्या सुनेचा. कोणी काय सांडलं, सगळी नोंद डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्राइंडलची आई पेढे वाटावे तसा मधाचा केक वाटत आली आणि पुस्तक ठेवून गेली. गेत्झल हजर होताच. त्याने ते उघडलं आणि कळवळला.

"अरेरे, केवढा हा डाग! असू दे, आमच्याकडे एक कारागीर आहे, धुवून काढेल."

"तू झाव्रोवचाच ना? कोणाचा?"

"योसेल टोपीवाल्याचा धाकटा."

"मग डाग तुझाच!" बाई खुदकन हसल्या. "तुझ्या वेळी तुझ्या आईने पुस्तक अकरा दिवस दाबून ठेवलं. आलुबुखारचा मुरंबा खात खात वाचलं. मी तिला भर बाजारात झापलं, तर म्हणते, पोरगं गोड निघेल. अजून वाट बघतेय मी."

गेत्झल हसला नाही. त्याचं बोट डागावर थांबलं होतं.

"लवंग घालायची ती."

"दोन जास्तच घालायची."

मग त्याने पुस्तक मिटलं, ओठांना लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"मिळालं नाही म्हणून कळवतो."

"खोटं कशाला? म्हातारी देत नाही म्हणून कळव."

"आत्ताच्या रेब्बेंच्या बायकोला तेवढं वाईट वाटेल," तो टोपी चढवत म्हणाला. "नऊ वर्षांनी दिवस गेलेत. आठवा लागलाय, अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. कपाट तिच्याच खोलीत ठेवणार होते."

"मूर्खा! हे काल नाही सांगायचं? माझा दोन दिवसांचा चहा ढोसलास!"

बाई शाल काढायला उठल्या. पुस्तक गुंडाळायला त्यांना जरा वेळच लागला.

"उशीखाली ठेवायचं, कपाटात नाही. डागाला हात लावायचा नाही. आणि नंतर पुढची जी अडेल तिला."

"तिकडे बायका दवाखान्यात बाळंत होतात, मावशी."

"दवाखान्यात उशा नसतात?"

आठवड्याने कल्हईवाल्याची बायको धापा टाकत आली. "झ्लातेबाई, सून अडलीय. पुस्तक द्या!"

"अमेरिकेला गेलंय. चल, मी येते."

त्या सुनेच्या उशाशी बसल्या. रिकामा हात उशीखाली सारला आणि पहिल्या पानापासून सांगायला लागल्या, कोणी कुठे काय सांडलं ते. मुरंब्याच्या पानापर्यंत आल्या, तेव्हा कळ देता देता पोरगी हसली.