काटे बरोबर होते

राजानंदने विमानाच्या इंजिनाची ओढ मोजणाऱ्या घड्याळांच्या दोन्ही नळ्या उपसल्या, डावीकडची उजव्या घड्याळाला लावली, उजवीकडची डाव्या घड्याळाला, आणि पुन्हा चालू करायची खूण केली. पंखा फिरला. मघाशी एकाच आकड्यावर शहाण्यासारखे उभे असलेले दोन काटे आता एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. एक वर गेला, एक खाली बसला.

त्याने बंदची खूण केली. आत बसलेल्या पायलट तृप्तीने इंजिन बंद केलं. कापसाच्या रानात एकदम शांत झालं आणि लांब मंडपातला माइकवाला "हॅलो, हॅलो" करताना ऐकू आला.

"आता काय?" कल्याणशेठ म्हणाले.

"शेठ, दोन्हीतलं एक घड्याळ खोटं बोलून राह्यलं."

"मघाशी तर काटे बरोबर होते."

"होते ना. एक खोटं असून काटे जुळले, म्हणूनच भेव वाटून राह्यलं."

कल्याणशेठनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ते खोटं बोलत नव्हतं. साडेदहा झाले होते. अकराला त्यांच्या बियाणे कंपनीचा शेतकरी मेळावा सुरू होणार होता आणि पाहुण्यांवर विमानातून पुष्पवृष्टी व्हायची होती. तसं भोकरदनपासून जालन्यापर्यंत प्रत्येक खांबावर छापून टांगलं होतं. बॅनरवरचं विमान खऱ्या विमानापेक्षा बरंच मोठं होतं.

खरं विमान दोन माणसांचं. त्याच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर, अर्ध्या इंजिनाला एक. दोघांनी सारखाच दम ओढायला हवा. एकाने जास्त ओढला की इंजिन आतल्या आत हिसके द्यायला लागतं. पूर्ण जोरात असताना ते फारसं कळत नाही. जोर कमी केला की कळतं, आणि कधी कधी तिथेच इंजिन बंद पडतं. फुलं टाकायची तर खाली यायला हवं, खाली यायचं तर जोर कमी करायला हवा. तोही नेमका मंडपावर.

जुन्या जालन्यात राजानंदचं गॅरेज होतं. दोन कार्बोरेटरच्या जुन्या मोटारसायकली जुळवून द्याव्यात तर त्यानेच, असं लोक म्हणत. कल्याणशेठनी त्याला आठ दिवस बंगळुरूला पाठवून विमानाचं इंजिन शिकवून आणलं होतं. येताना त्याने एक प्रमाणपत्र आणलं आणि आल्याबरोबर त्याला एक नवी भीती मिळाली. कारण शेठनी नियम सांगितला: शेवटचा स्क्रू जो आवळेल, तो पहिल्या उड्डाणात शेजारी बसेल. नियम शेठचे आजोबा रखमाजी यांचा होता. त्यांच्या विहिरींवर दोर बांधणाराच पहिला खाली उतरे, आणि एकही दोर कधी सुटला नाही, असं घरात अभिमानाने सांगत.

राजानंद घरच्या गच्चीवरही चढत नसे. पाण्याची टाकी त्याची बायको कौसल्या धुवायची.

त्यामुळे आजवर तीनदा उड्डाण ठरलं आणि तीनदा बिघाड निघाला. पहिल्यांदा प्लग. दुसऱ्यांदा पेट्रोलचा पाइप. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच एक स्क्रू अर्धा वेढा फिरवला, आणि शेठनी तो फिरवताना पाहिला. शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो किस्सा ऑफिसात चहाबरोबर वाढला.

"पाऊण तास द्या," राजानंद म्हणाला. "पारदर्शक नळी आणतो, तेल भरतो, दोन टोकं दोन्हीकडं लावतो. जिकडं ओढ जास्त, तिकडं तेल चढंल. तेलाला खोटं बोलता येत न्हाई."

"राजाभाऊ, आधी प्लग. मंग पाइप. मंग तुम्ही स्वतः. आज घड्याळ. आता राह्यलं कोण, वारं?"

"ह्या बारीला खरं हाये, शेठ."

"मागच्या बारीला पण हेच म्हन्ले होते."

म्हणाला होता. शब्द हेच होते, आवाजही हाच.

"तुम्हाला नसंल बसायचं तर नका बसू," शेठ अगदी प्रेमाने म्हणाले. "नियम आजच्या दिवस माफ. मॅडम एकट्या जातील."

राजानंद खिडकीशी गेला. "मॅडम, एक बाजू जास्त ओढून राह्यली."

तृप्ती हसली. सव्वीस वर्षांची होती, हसणं चांगलं होतं. "काका, एकदा वर गेलं ना, की जाते भीती."

तो इंजिनाकडे परतला. मग त्याने घड्याळं काढून पेटीत ठेवली, दोन्ही बाजू जोडणारी नळी जागेवर बसवली, झाकण लावलं आणि शेवटचा स्क्रू आवळला. गेल्या तिन्ही वेळा या स्क्रूपाशी आल्यावर त्याचा पाना पत्र्यावर टणटण वाजायचा. तृप्तीला तो आत बसून ऐकू यायचा. आज वाजला नाही.

त्याने चपला काढून गवतावर जोडीने ठेवल्या आणि दुसऱ्या बाजूने आत चढला. कुणी सांगितलं नव्हतं. बसला, पट्टा लावला.

"वा रे पठ्ठे!" शेठनी झेंडूच्या पाकळ्यांची पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. शीग लावून भरलेली होती.

तृप्तीने इंजिन चालू केलं. विमान थरथरत धावपट्टीच्या टोकाला आलं. तिने शेजारी पाहिलं. राजानंदने पाटीच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. तो समोर बघत होता. दवाखान्यात नंबर लागलेला माणूस दाराकडे बघतो तसा.

"काका, कौसल्याकाकूंना फोन करायचा होता ना तुम्हाला?"

"केला मघा. गॅरेजच्या चाव्या कुठं हायत ते सांगितलं."

तृप्ती पाटीकडे बघत राहिली. सगळं विमान हलत होतं. त्याच्या हातातली पाटी हलत नव्हती. शिगेवरची एक पाकळीसुद्धा घसरत नव्हती.

तिने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

शेठ धापा टाकत पोचले. "काय झालं मॅडम?"

"मी नाही नेणार."

"का? काटे बरोबर होते!"

"काका घाबरले नाहीत आज."

"मंग चांगलंच हाये की!"

तिने किल्ली काढून खिशात टाकली. शेठ एकदा तिच्याकडे, एकदा राजानंदकडे बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला आणि पलीकडे वळून जेसीबीवाल्याला विचारलं, तुझं फावडं किती उंच जातं, आणि धुतलेलं आहे का.

राजानंद अजून आतच होता. तो पट्ट्याची कडी सोडवू बघत होता, पण बोटं कडीवर थांबतच नव्हती. मांडीवरची पाटी आता जोरात हलत होती आणि पाकळ्या त्याच्या अनवाणी पायांवर पडत होत्या.

तृप्तीने वाकून कडी सोडवली.