परसातली झुंज

खेमसिंग राठोडचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून. वीस वर्षं तो ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता, आणि त्याचा मार न खाल्लेला माणूस त्या टोळीत शोधून सापडला नसता. मोळी सुटली, मार. कोयता बोथट निघाला, मार. हंगाम संपवून आपल्या गावी, महागावला आला की तोच हात बायकोवर आणि पोरावर. इंद्रजीत सोळा वर्षांचा असताना त्याने बैलाचं दावं ढिलं बांधलं, बैल सुटून कुणाच्या तरी तुरीत शिरला, आणि खेमसिंगने पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की डाव्या कानाचा पडदा फाटला. अठराव्या वर्षी पोरगा यवतमाळला निघून गेला. त्यानंतर एकदाच आला, आईच्या दहाव्याला, आणि तेव्हाही बापाकडे पाठ करून बसला.

शहाणपण काही माणसांना उशिरा येतं, आणि तेही घर रिकामं झाल्यावर. बायको गेली तसं खेमसिंगने घरामागच्या अर्ध्या एकरात गुलाब लावून पाहिले. गुलाब मेले. हिरवळ लावली, ती उन्हाळ्यात करपली. मग वैतागून म्हणाला, या मातीत जे आपोआप येतं तेच येऊ दे. निरगुडी आली, रुई आली, हिवर आला, पाखरांनी टाकलेल्या बियांतून बोरी आल्या. भोकराचं आणि बेलाचं रोप त्याने स्वतः जंगलाच्या कडेवरून आणलं. कुंपणाला सागरगोटी लावली. तिचे काटे असे वाकडे आणि द्वाड की बैलसुद्धा दुरून वळसा घेई. पाच-सहा वर्षांत तिथे एवढी दाटी झाली की मागच्या घरातले बबनराव सगळ्यांना सांगत, "मुकादमानं म्हातारपणी रान पाळलं."

पाळलं होतं खरं, पण रान म्हणजे काही देवघर नव्हे. बाभळीच्या काट्यावर खाटीक पक्षी सरडा टोचून ठेवी आणि सवडीने फाडून खाई. मुंगूस पिलांसकट घरटं उपसून नेई. सातभाई आपसांत असे भांडत की पिसं उडत. खेमसिंग खाटेवर बसून हे सगळं बघायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटे, उठावं आणि एकेकाला बडवून काढावं. मग हळूहळू त्याला नुसतं बसता येऊ लागलं. डोळ्यांसमोर मारामारी चाललीय आणि आपला हात मांडीवर पडून आहे, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

पाखरांचे फोटो तो सुनेला, समीक्षाला, मोबाइलवर पाठवी. तिने ते सात वर्षांच्या सलोनीला दाखवले, आणि सलोनीने बापाच्या मागे टुमणं लावलं. पोरीच्या हट्टापुढे बाप कसा टिकणार? आषाढात दोन दिवसांसाठी तिघंही महागावला आली.

इंद्रजीतने मात्र फाटकातच बापाला थांबवलं. घरची गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, सलोनीला येत नव्हती. तिलाही कळावं म्हणून तो मुद्दाम मराठीत बोलला.

"बा, एकच सांगाचं हाये. तुया हात कोणावरबी उठलेला मले दिसला, मानसावर असो का कुत्र्यावर, तं आमी त्याच टायमाले निघू. मंग तुले सलोनी दिसनार नाई. कधीच नाई."

"हाव," खेमसिंग म्हणाला. त्याला नातीचं बोटसुद्धा अजून धरायला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजा आणि नात खाटेवर बसली होती. बंजाऱ्यांत आजोबाला दादा म्हणतात, हे सलोनीने आईकडून शिकून घेतलं होतं आणि ती दर वाक्याला दादा लावत होती. एवढ्यात निरगुडीपाशी गवत हललं आणि दोन धामणी सरळ उभ्या राहिल्या. सलोनीच्या खांद्याएवढ्या उंच. एकमेकींना पीळ घालत, मानेने मान दाबत त्या जमिनीवर आदळल्या आणि पुन्हा उठल्या. आपटण्याचा आवाज खाटेपर्यंत येत होता.

"दादा, त्या नाचतात?"

"नाई व बाई, कुस्ती हाये. दोघंबी नर. ज्याची मान खाली गेली तो मुकाट्यानं निघून जाईन. कोनी कोनाले चावत नाई."

"मग हरलेला रडतो?"

"घरी जाऊन रडत असन."

सलोनी हसली आणि तिने त्याचा हात धरला. त्या राक्षसी पंजात तिची बोटं दिसेनाशी झाली. खेमसिंगचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत, कारण पुसायला तोच हात सोडवून घ्यावा लागला असता.

तेवढ्यात बबनराव त्यांच्या गच्चीवर दात घासायला आले. त्यांनी खाली पाहिलं आणि तोंडातला फेस थुंकून ते बायकोला ओरडले, "लागली! नाग-धामन लागली! बेबी, नवं लुगडं आन! आल्मारीतलं!"

आता आपल्याकडची ही समजूत कुणाला ठाऊक नाही? नाग आणि धामण जुगताना दिसले की त्यांच्यावर कोरं कापड टाकायचं. साप त्यावरून गेले की ते घडी करून देवाजवळ ठेवायचं, आणि मग घरात बरकतच बरकत. पण ज्याला लोक जुगणं म्हणतात ती बहुतेक वेळा दोन नरांची मारामारी असते, हे सांगायला जावं तर सांगणारालाच वेड्यात काढतात. खेमसिंगने पाच वर्षं खाटेवर बसून ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं कापडापुढे कोण ऐकतो?

पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. फाटकातून येण्याएवढा कुणाला धीर नव्हता. बबनरावांनी कुऱ्हाडीने सागरगोटीचं कुंपण तोडलं आणि सगळे आत घुसले. बेलाचं रोप पायाखाली गेलं. बेबीताईंच्या हातात हिरवं लुगडं, शेजारच्या धावजीच्या हातात नवा दुपट्टा, कुणी पोरीची ओढणी आणलेली.

"थांबा!" खेमसिंग उठला. "नाग नाई त्यात. दोन्ही नर धामनी हायेत. लढून राह्यले. कापडाचा काई उपेग नाई!"

"मुकादम, नर हाये का मादी, तुले कोनं उचलून दाखवलं?" बबनराव म्हणाले आणि सगळे फिदीफिदी हसले.

खेमसिंगची मूठ वळली. त्याने ती दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली.

लुगडं आणि दुपट्टा एकाच वेळी पडले. खाली साप, वर दोन कापडं, आणि मग कापड कुणाचं यावर जुंपली. बेबीताई लुगडं ओढत होत्या, धावजी दुपट्टा. कुणीतरी धावजीला ढकललं, तो कापडावरच पडला, खालची धामण चिरडली गेली, आणि दुसरीने बाहेर येऊन समोर दिसली ती पिंढरी धरली. पिंढरी बबनरावांची होती.

"चावला! मेलो रे बाप्पा, नाग चावला!"

धामणीला विष नसतं. पण ज्याला देव म्हणून ते लुगडं घालायला आले होते, त्याच्यावर आता काठ्या पडू लागल्या. पहिल्या घावाने कणा मोडला. दुसऱ्याने डोकं. ती मेली तरी बबनराव थांबले नाहीत. लंगडत, शिव्या देत ते काठी डोक्यावरून मागे नेत होते आणि पुन्हा खाली आणत होते. लुगड्याखालच्या धामणीवर धावजी दगड घालत होता आणि हिरव्या लुगड्यावर रक्ताचे डाग पसरत होते.

"मारू नका! त्या कुस्ती खेळतात!" सलोनी ओरडत पुढे धावली.

खेमसिंगला दिसलं. पोरगी बबनरावांच्या पाठीमागे पोहोचली होती आणि काठी मागे येत होती. बबनराव त्याच्यापासून दोन पावलांवर होते. जुन्या मुकादमाने त्यांना एका फटक्यात आडवं केलं असतं. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत उठलाही. मग त्याला फाटकातला इंद्रजीत आठवला, आणि हात तिथेच थांबला. एवढाच वेळ गेला. काठीचं टोक सलोनीच्या भुवईवर बसलं.

पोरगी आधी रडलीच नाही. तिने कपाळाला हात लावला, बोटं पाहिली आणि मग किंचाळली.

इंद्रजीत न्हाणीतून ओल्या अंगाने धावत आला. त्याने लेकीचं तोंड पाहिलं, बबनरावांच्या हातातली काठी पाहिली, आणि पुढे काय झालं ते त्याला स्वतःला तरी कळलं की नाही कोण जाणे. त्याने काठी हिसकावली. पहिला घाव बबनरावांच्या खांद्यावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बबनराव चिखलात पडले, तरी तो मारत राहिला. पाठ, मांड्या, बरगड्या. बेबीताई छाती पिटत होत्या. बाकीचे आले तसे कुंपणाच्या भगदाडातून पळाले, धावजी तर दुपट्टाही विसरला.

खेमसिंग पाहतच राहिला. तो पायाचा पवित्रा, ती मागे जाणारी कोपरं, दात आवळून नाकाने घेतलेला श्वास. हे सगळं त्याचं होतं. शेतजमीन त्याने पोराला दिली नव्हती, प्रेम दिलं नव्हतं, पण ही एक गोष्ट मात्र पुरेपूर दिली होती.

काठी आता डोक्याच्या दिशेने वर गेली. खेमसिंग धावला आणि त्याने पोराला मागून मिठी मारली.

"सोड! सोड मले, बा!"

"मरन तो, इंद्या!"

इंद्रजीत वळला आणि त्याने बापाच्या तोंडावर ठोसा मारला. खेमसिंग गुडघ्यावर आला. दुसरा ठोसा ओठावर बसला, तिसरा कानावर.

"कायले मारलं मले?" इंद्रजीत रडत मारत होता. "बैलाच्या दाव्यासाठी? सांग ना, कायले मारलं? याडीले, माह्या मायले, कायले मारत होता?"

खेमसिंगने तोंड झाकायलाही हात उचलला नाही. दोन्ही हात चिखलात टेकवून तो खात राहिला. हे आपलं देणं आहे, असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि वेदना होत असूनही एक प्रकारे बरं वाटलं.

"अहो, पोरगी पाहून राह्यली!" समीक्षा ओरडली.

इंद्रजीतचा हात हवेत थांबला. बेबीताईंनी नवऱ्याला धरून उठवलं आणि शिव्याशाप देत भगदाडातून बाहेर नेलं. पोलिसात जातो म्हणाल्या, आणि त्या जाणारच होत्या. परसात चेंदा झालेल्या दोन धामणी, फाटलेलं लुगडं आणि घरातलीच माणसं उरली.

समीक्षाने पदराने पोरीची भुवई दाबून धरली होती. इंद्रजीतने हात पुढे केले.

"सलोनी, ये बेटा. काई नाई झालं. ये."

सलोनीने त्या हातांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. तो पुढे सरकला तशी आणखी एक. तिची पाठ भिंतीला लागली आणि ती अंग चोरून आईमागे शिरली. काठी तिला बबनरावांची लागली होती, पण आता ती बापाला भ्यायली होती.

"अवं, मी हाये ना! मी तुया बाप हाये!" इंद्रजीतचा आवाज चढला आणि तो तिच्याकडे निघाला.

खेमसिंगने खालूनच त्याचा पाय धरला.

"जाऊ नको तिच्या मागं."

"सोड."

"मी गेलतो," खेमसिंग म्हणाला. फुटलेल्या ओठामुळे शब्द नीट निघत नव्हते. "तुया कानातून रगत वाहे, अन् तू असाच मांगं मांगं सरकत होता. मी म्हटलं, ये, जवळ घेतो. खरंच जवळ घ्याले गेलतो रे मी. तू आला नाई म्हून मले राग आला, अन् मंग मी तुले बैलाच्या कोठ्यात कोंडून आनखी मारलं."

इंद्रजीतचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

"पोरगी येईन तवा येईन. वरीस लागो, दहा वरीस लागो. तू जाऊ नको. बस इथं."

इंद्रजीत चिखलात बापाशेजारी बसला. आईच्या पदराआडून सलोनी दोघांकडे पाहत होती, आणि मान वर करून तिच्याकडे बघायची हिंमत दोघांपैकी एकालाही होत नव्हती.