पुण्याची कॉट

विद्यापीठाला मी होकार कळवला त्याच दुपारी पुण्याहून माझी कॉट चालत आली. लोखंडी, हिरव्या रंगाची, चारी पायांना रबराची बुचं. जिना चढताना ती वळणावर अडखळली, कारण पुढचे पाय वळले तरी मागच्यांना ते कळलं नव्हतं. मग दारात येऊन उभी राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत घे की, शिवलीला. उन्हाचं आलीय बिचारी."

पुण्यात मी कॉट बेसिसवर राहणार होते. म्हणजे खोली आपली नसते, फक्त कॉट आपली असते आणि तिच्याखाली मावेल तेवढंच सामान आपलं. घरमालकीण पानसे बाईंशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. अनामत मिळाली की कॉट पाठवते, म्हणाल्या, जायच्या आधी अंगवळणी पडलेली बरी.

"आणि एक," त्या म्हणाल्या. "पाहुणे कॉटवर बसलेले आमच्याकडे चालत नाहीत."

"पाहुणे म्हणजे कोण?"

"तुमच्याखेरीज जे कुणी असतील ते."

लातुरात आमचं घर गिरणीच्या वर आहे. खाली अण्णा दळण दळतात, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळीकडे शहाबादी फरशी. कॉट आपणहून खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली. तो माझा कोपरा. पाढे तिथं पाठ केले, बी.ए. तिथं केलं, आता भूगोलात एम.ए. करायचं तेही तिथंच बसून ठरवलं होतं. मी कॉटवर बसले, तर एकदम गार वाटलं. कुठल्या तरी गॅलरीत कुणी तरी चादर झटकत होतं आणि भिंतीपलीकडे पानसे बाई कुणाला तरी गीझर बंद करायला सांगत होत्या.

आईनं समोरून माझ्याकडे पाहिलं आणि तिला मी दिसले नाही.

"गेली वाटतं," ती म्हणाली.

मी पाय खाली टेकवले. फरशी लागली, गिरणीची घरघर पुन्हा सुरू झाली. आई म्हणाली, "आलीस व्हय? जेवून घे."

तेव्हा ते साधंच होतं. कॉटवर पुणं, फरशीवर लातूर. एवढं कळल्यावर कुणीही शहाण्या मुलीनं निवांत बॅग भरली असती. पण मी जन्माची संशयी. दूधवाला नेहमीपेक्षा जास्त हसला तर मी पातेल्यात बोट बुडवून बघते. आणि या वेळी अण्णा हसले होते.

झालं असं, की कर्जासाठी आम्ही बँकेत गेलो होतो. घर आजोबांच्याच नावावर राहिलंय म्हणून साहेबांनी कागद परत केले. येताना मी मनात होकार रद्दही करून टाकला. दुसऱ्या दिवशी ते भुवयांवरचं पीठ पुसत वर आले आणि म्हणाले, "पैशाची सोय झालीय. तू कायबी इचारू नको." आणि हसले. अण्णा असे तोंडभरून कधीच हसत नाहीत. त्यामुळे मला चैन पडेना. मला पुण्याला जायचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण माघारी आल्यावर तो कोपरा माझाच असावा, एवढंही मला हवं होतं. या दोन्हींतलं एक देऊन दुसरं घेतलं जातंय, असा वास मला येत होता.

मी विचारलं की दोघं गप्प व्हायची. म्हणून मी कॉटवर जाऊन बसायला लागले. मी पुण्यात आहे असं समजून ती दोघं मोकळेपणानं बोलायची आणि गिरणीची घरघर थांबलेली असल्यानं मला त्यांचं सगळं ऐकू यायचं.

"कोपरा तर रिकामाच दिसतोय," अण्णा म्हणाले.

"दिसतोय खरा," आई म्हणाली.

"उदगीरच्या एका पोरीला जागा पाहिजे. क्लास लावलाय इथं. रिकामं ठेवून काय करायचं?"

मी तावातावानं खाली उतरले. तोवर अण्णा निघून गेले होते आणि बाजारातून आणलेली एक नवी कॉट अंगणात उभी होती. संध्याकाळी ती उदगीरला गेली. परत आली तेव्हा तिच्यावर मांडी घालून एक मुलगी बसली होती, मांडीवर पुस्तकं, गळ्यात पाण्याची बाटली. जिन्याच्या वळणावर तिनं भिंतीला हात लावून कॉटला सावरलं. माझ्या कॉटला खेटून तिची कॉट उभी राहिली आणि माझ्या कोपऱ्यातली फरशी दिसेनाशी झाली.

"हे काय ग?" मी आईला विचारलं.

"काय म्हणजे? तुझ्याच फीची सोय हाय."

"मला विचारायचं तरी."

"तू होतीस कुठं इचारायला?"

मला राग आला, कारण उत्तर बिनतोड होतं. मी तिच्यापासून चार हातांवर बसून सगळं ऐकत होते, हे मला सांगता येईना.

त्या मुलीचं नाव अंबिका. ती खाली उतरली की घरात दिसायची, कॉटवर असली की आईला दिसायची नाही. मला मात्र माझ्या कॉटवरून दिसायची. पुण्याच्या कॉटवरून उदगीरची मुलगी स्पष्ट दिसते, याचं तिला नवल वाटलं नाही.

"तुझी कॉट कुठली?" तिनं विचारलं.

"पुण्याची."

"मग तू इथं काय करायलीस?"

"हे माझं घर आहे."

"असं?" ती म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्या घरीबी आता दोघीजणी हायत. नर्सिंगच्या. माझ्या फीसाठी."

मी विद्यापीठात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका गृहस्थांनी उचलला. ते काही तरी खात होते.

"मला होकाराबद्दल विचारायचंय," मी म्हणाले. "होकार दिल्यावर नक्की काय होतं?"

"जागा तुमची होते."

"आणि?"

"आणि आधीची जागा सुटते. नियमच आहे."

"मला आधी कुठं जागा मिळालीच नव्हती."

"असं कसं म्हणता?" ते म्हणाले. "कुठं तरी असालच की तुम्ही."

"मग होकार परत घेता येईल का?"

"येईल ना. मूळ जागेवर उभं राहून फोन करा. आत्ता कुठून बोलताय?"

मी कॉटवरून बोलत होते. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही इथलेच. अभिनंदन," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी ठरवलं की कॉटवर चढायचं नाही, फरशीवरच राहायचं. मधल्या खोलीत कपाटापुढं एक फरशी होती, कोपऱ्यावर टवका उडालेली. ती मी धरली. तिच्यावरच जेवले, तिच्यावरच केस विंचरले. आई केरसुणी घेऊन आली की एक पाय उचलायचे, मग दुसरा. एव्हाना अण्णांनी आणखी कॉट आणल्या होत्या. निलंग्याची एक, चाकूरच्या दोघी बहिणी. मुली गुणी होत्या. "ताई, जरा सरकता का?" म्हणायच्या. मी म्हणायचे, नाही. त्या वाद न घालता पुस्तकात डोकं घालायच्या. मला त्या गुणी असण्याचाही संशय यायला लागला.

होकार परत घ्यायचा की नाही, हेही मला ठरवता येईना. फोन हातात होता, पायाखाली फरशी होती. नंबर लावायचे आणि तिकडं वाजायच्या आत कापायचे. भूगोलाची पुस्तकं कॉटखाली लावून झाली होती. पानसे बाईंनी गीझरच्या वेळा सांगून ठेवल्या होत्या. मनातून मी निम्मी तिकडं गेले होते आणि तेच सगळ्यांनी ओळखलं असणार.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून कुजबुज आली. आई आणि अण्णा. माझं नाव आलं, मग पाण्याचा नळ सुरू झाला, मुद्दाम सुरू केल्यासारखा. मी हाक मारली तर दोघं गप्प. पुन्हा कुजबुज, पुन्हा माझं नाव. मी फरशीवर उभी राहून ओठ चावत होते. क्षणभरच, असं मी मनाशी म्हणाले. एवढंच ऐकते आणि परत येते. आणि मी माझ्या कॉटवर चढले.

गार वारा आला. स्वयंपाकघरातलं बोलणं लगेच स्पष्ट झालं.

"पण पोरीला माघारी यायचं झालं तर?" अण्णा म्हणत होते. "पाय टेकायला तरी जागा लागंल का नाही?"

"हाय की माझी," आई म्हणाली.

"तू कुठं उभारशील मग?"

"तिला येऊ तर द्या. बघू तवाचं तवा."

मला एकदम रडू आलं. एवढे दिवस मी या दोघांवर पाळत ठेवून होते, आणि ती दोघं माझ्यासाठी पायाखालची फरशी वाचवत होती. मी डोळे पुसले आणि उतरायला वळले. कपाटापुढं औशाच्या कुणा मुलीसाठी आणलेली नवी कॉट उभी होती. तिच्यावर अजून कुणी नव्हतं, गादीही नव्हती, पण चारी पाय टवक्याच्या फरशीवर नीट बसले होते. मी वर असताना जागा रिकामी दिसली असणार.

मी वाकून इकडं तिकडं पाहिलं. घरभर लोखंडी कडा कडांना लागल्या होत्या. मधल्या खोलीत फरशी नव्हती. बाहेरच्या खोलीत नव्हती. अण्णा आता गिरणीतच झोपत होते आणि वर येताना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतच येत होते. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यापुढं एकच फरशी उरली होती आणि तिच्यावर आई उभी राहून भाकरी थापत होती.

"अंबिका," मी म्हणाले, "तुझ्या कॉटवरून मला पलीकडं जाऊ दे."

"पाहुणे चालत नाहीत," ती म्हणाली. तिनं खरंच ओशाळून सांगितलं. "तुझ्या आईनंच तसं सांगितलंय."

तेवढ्यात माझी कॉट हलली. आधी मला वाटलं, मीच हलले. मग एक बूच उचललं गेलं, ते जरा पुढं टेकलं, आणि पानसे बाई अगदी कानाशी म्हणाल्या, "उद्यापासून वर्ग आहेत ना? चला आता."

"मला आईला भेटायचंय," मी म्हणाले.

"दिवाळीत भेटा की."

"दिवाळीत उतरू कुठं?"

कॉटनं दुसरं बूच उचललं.

बाकीच्या कॉट अंग चोरून वाट द्यायला लागल्या. दाराकडे जायचा रस्ता स्वयंपाकघरावरून जातो. माझी कॉट चौकटीशी आली आणि चौकटीत तिरकी व्हायला थांबली. ओटा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. आईच्या दंडावर पीठ उडालेलं मला दिसत होतं. "आई," मी म्हणाले. तिनं भाकरी उलटली. "आई, मी इथंच आहे. मी गेले नव्हते, तुमचं बोलणं ऐकत बसले होते." भाकरी फुगली. तिनं ती काढून टोपल्यात ठेवली आणि गॅस बंद केला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून अण्णांनी विचारलं, "आली का ती?"

औशाच्या मुलीबद्दल विचारत होते की माझ्याबद्दल, हे त्यांच्या आवाजावरून कळेना. मी तोंडाकडे पाहिलं. ते पिठानं पांढरं झालं होतं, त्यावर काहीच वाचता येत नव्हतं.

"यायलीच बघा," आई म्हणाली.

तिनं पदर खोचला. एक हात भिंतीला लावला आणि डावा पाय उचलला. खाली फरशीचा अर्धा तुकडा मोकळा झाला, तिच्या पावलाच्या आकाराचा, कोरडा. ती कुणाकडेच पाहत नव्हती. दाराच्या दिशेनं मान करून नुसती थांबली होती, आणि उचललेला पाय थरथरत होता.

मी कॉटच्या कडेला सरकले आणि पाय खाली सोडला. बोटं पोचत नव्हती. मी आणखी सरकले. कॉट तिरकी झाली, चौकटीतून सुटली आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं. आई अजून एका पायावर उभी होती.