गाडीचा रिमोट

माझ्या घरात सुई हरवत नाही. वीस वर्षांचा संसार आहे, विचारा कोणालाही.

तर दिवाळीच्या तोंडावर आमच्या ह्यांनी, इंद्रजीतरावांनी, बोटीवरच्या एका साहेबाची जुनी जपानी गाडी घेतली. तिचा मूळचा टेप त्या साहेबाने काढून घेतलेला. म्हणून ह्यांनी बाजारातून नवा डेक आणला आणि बसवायला दादूकडे गेले. नवीन पनवेलमध्ये गाड्यांचं वायरिंग तोच करतो. डेक लागला, दिवे लागले, कॅसेट फिरली. आवाज मात्र काही येईना.

"साहेब, शीटखाली कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर हाय," दादू म्हणाला. "स्पीकर त्याच्यावरच हायत. पन रिमोट गावत नाय. त्याच्याशिवाय तो उठत नाय. गाडी ठेवून जा."

पुढचं ऐकतील ते हे कसले! गाडी घेऊन थेट घरी. "शकू, गाडीबरोबर पिशवी आली होती. त्यातला रिमोट कुठाय?"

टीव्हीला असतो तसा गाडीलाही असेल, मला काय ठाऊक. पिशवीत पाना निघाला, कागद निघाले. माळा झाला, कपाटं झाली, गाद्यासुद्धा उलट्या केल्या. चार दिवस जेवतानाही तोच विषय. मग हळूच म्हणाले, "दिवाळीत भंगारवाल्याला काय काय दिलंस?"

फार लागलं मला ते. भाजी निवडताना आठवू लागले, आणि अहो, आठवलाच की! काळा, एवढासा, लाल बटणाचा. रद्दीच्या गठ्ठ्यावर मीच ठेवलेला.

"मीच दिला," मी म्हणाले आणि रडले.

"जाऊ दे," हे मोठ्या मनाने म्हणाले. "होतं माणसाकडून. मी माफ केलं." वर नणंदेला फोन करून सांगितलं, "रुचिरा, तुझ्या वहिनीने रिमोट भंगारात घातला बघ."

रविवारी दोघं दादूकडे गेलो. "तो अ‍ॅम्प्लिफायर काढूनच टाक," हे म्हणाले. "रिमोट हिने भंगारात दिला."

दादू माझ्याकडे बघतच राहिला. मग वाकून त्याने गाडीतला गालिचा उचकटला, बराच वेळ चाचपडला आणि एक निळी वायर वर ओढली. "वैनी, ही कशी दिली तुमी भंगारात? हाच तर रिमोट. डेक चालू झाला का हिच्यातून करंट जातो, तवा अ‍ॅम्प्लिफायर उठतो." डेकच्या निळ्या वायरीला त्याने ती जोडली आणि चारी दारांतून गाणं सुरू झालं.

मी बघितला होता ना तो रिमोट, लाल बटणाचा?

हे पोट धरून हसत होते. "अगं, मग तू भंगारवाल्याला दिलंस ते काय?"

"ते राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही मला माफ केलंत ते कशाबद्दल?"

ह्यांचं हसू थांबलं. दादूने डेकचा आवाज कमी केला. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले.